गाठ : आधी ओळख, मग शस्त्रक्रिया



गेल्या गणेशोत्सवात नाटकाच्या मध्यंतरात तीन-चार जणांनी मला चहाच्या टेबलाजवळ गाठले आणि एकच प्रश्न विचारला, "तुझ्या मांडीचे ऑपरेशन दोनदा का करावे लागले?" एका गृहस्थांनी तर शर्टाची बाही वर करून स्वतःच्या दंडावरची गाठ दाखवली आणि "ही बघ बरं जरा" म्हणाले. संपादकांनी ते ऐकले आणि मला सांगितले, "उभ्या उभ्या दहा जणांना सांगण्यापेक्षा एकदा लिहून दे." म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. मी डॉक्टर नाही. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण स्वतःवर प्रसंग आला तेव्हा इंजिनिअरच्या सवयीने रिपोर्ट वाचले, डॉक्टरांना प्रश्न विचारले, घरच्या डॉक्टर मंडळींकडून समजावून घेतले. त्यातले जे आपल्या कुटुंबांना उपयोगी पडेल तेवढे येथे देत आहे. निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

काय घडले

२०२१ च्या गणेशोत्सवाच्या तालमी चालू होत्या. मांडी घालून बसलो की उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला काही तरी आड येते असे वाटे. हात लावून पाहिले तर मोठ्या लिंबाएवढी गाठ. दुखत नव्हती, लाल नव्हती, ताप नव्हता. फॅमिली डॉक्टरांनी दाबून पाहिले आणि "चरबीची गाठ दिसते" असे सांगून जवळच्या एका जनरल सर्जनकडे पाठवले. त्यांनी ऑक्टोबरमध्ये तेवढ्या जागेपुरती भूल देऊन अर्ध्या तासात गाठ काढून टाकली. त्याआधी सोनोग्राफी नाही, एम.आर.आय. नाही, सुईची तपासणी नाही. मीही काही विचारले नाही. उलट दुपारच्या मीटिंगच्या आत सुटका झाली याचाच आनंद.

सोमवार, १ नोव्हेंबर. दिवाळी तीन दिवसांवर आलेली, घरात भाजणीचा वास सुटलेला, आणि सर्जनचा फोन आला. रिपोर्ट अपेक्षेप्रमाणे नाही, ही साधी चरबीची गाठ नसून सार्कोमा आहे, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग. "काळजी करू नका, पुढच्या आठवड्यात या, मी आजूबाजूचे आणखी थोडे काढून टाकतो," असेही ते म्हणाले. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

भारतात तेव्हा रात्र होती. तरी पुण्याच्या चुलतभावाला, आमच्या दादाला, फोन लावला. तो डॉक्टर आहे. त्याने धीर वगैरे देण्याआधी विचारले, "रिपोर्ट हातात आहे का? वाचून दाखव. कडांबद्दल काय लिहिलंय?" मी वाचले. गाठ साडेचार सेंटिमीटर, तुकड्या-तुकड्यांत आलेली, कडांपर्यंत रोगाच्या पेशी. दादा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "हे बघ, पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट रद्द कर. घाई करू नकोस आणि उशीरही करू नकोस. जिथे रोज सार्कोमाच बघतात अशा ठिकाणी जा. जाताना काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक सोबत असू देत. आणि आईला दिवाळीनंतर सांग."

त्याचे तिन्ही सल्ले पाळले. पुढे सर्व काही मार्गी लागले याचे श्रेय मी त्या पंधरा मिनिटांच्या फोनला देतो.

सार्कोमा म्हणजे काय

आपण ज्या कर्करोगांची नावे ऐकतो ते बहुतेक एखाद्या अवयवाच्या अस्तरात सुरू होतात. सार्कोमा शरीराच्या जोडणाऱ्या आणि आधार देणाऱ्या भागांत सुरू होतो : चरबी, स्नायू, नसांची आवरणे, रक्तवाहिन्या, हाडे. हाडांचे सोडून बाकीच्यांना मऊ भागांचे सार्कोमा म्हणतात आणि त्यांचे पन्नासहून जास्त उपप्रकार आहेत. मोठ्या माणसांच्या सर्व कर्करोगांत त्यांचा वाटा सुमारे एक टक्का. अमेरिकेत वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे तीन लाखांहून अधिक नवे रुग्ण सापडतात, तर मऊ भागांच्या सार्कोमाचे साधारण तेरा हजार.

याउलट साध्या, निरुपद्रवी गाठी कितीतरी जास्त. एका सार्कोमामागे अशा किमान शंभर गाठी असतात असे मानतात. म्हणजे "चरबीची गाठ आहे" असे म्हणणारा डॉक्टर शंभरपैकी नव्याण्णव वेळा बरोबर ठरतो. अनेक फॅमिली डॉक्टरांना सगळ्या कारकिर्दीत एक-दोनच सार्कोमा दिसतात. त्यामुळे माझ्या डॉक्टरांवर मी रागावलेलो नाही. मात्र तो शंभरावा माणूस आपण असू तर काय, हा प्रश्न उरतोच.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. "दुखत नाही ना, मग काही नाही," असे आपल्या घरांत सर्रास म्हणतात. सार्कोमाच्या बाबतीत हे साफ चूक आहे. बहुतेक सार्कोमा बराच काळ दुखत नाहीत. दुखत नाही म्हणूनच माणूस महिनोन् महिने थांबतो.

पहिल्या शस्त्रक्रियेत चुकते कुठे

सार्कोमा वाढताना आजूबाजूचा भाग दाबत जातो आणि त्याच्याभोवती एक खोटे कवच तयार होते. सर्जनला उघडल्यावर वाटते, वा, गाठ छान सुटी आहे. भुईमुगाचा दाणा टरफलातून काढावा तशी ती अलगद निघतेही. पण येथे टरफलातसुद्धा रोगाच्या पेशी असतात, आणि टरफल आतच राहते.

फ्लोरिडा विद्यापीठाचे हाडांचे शल्यचिकित्सक विल्यम एनेकिंग यांनी १९८० साली या विषयाची नीट मांडणी केली. त्यांनी शस्त्रक्रियेच्या कडा चार प्रकारच्या मानल्या. पहिल्या प्रकारात गाठीच्या आतूनच कापले जाते. दुसऱ्यात गाठ कवचाबरोबरीने सोलून काढतात. तिसऱ्यात गाठीला हात न लावता तिच्या सर्व बाजूंनी निरोगी भागाचे आवरण ठेवून संपूर्ण गोळा एकसंध काढतात. चौथ्यात तो स्नायूंचा पूर्ण कप्पाच काढतात. सार्कोमासाठी साधारणपणे तिसरा प्रकार हवा असतो. चरबीची गाठ समजून काढली तर पहिला किंवा दुसरा होतो.

दुसरे नुकसान जरा सूक्ष्म आहे. हातापायावरचा छेद लांबीच्या दिशेने घ्यावा असा सार्कोमाचा नियम आहे, म्हणजे पुढे तो व्रण गोळ्यासकट काढता येतो. साधी गाठ काढताना सर्जन पुष्कळदा आडवा छेद घेतात, कारण व्रण सुबक दिसतो. आत रक्त साकळले तर ते जिथवर पसरते तिथवर रोगाच्या पेशी पसरल्या असतील असे धरावे लागते. रक्त वाहून जाण्यासाठी नळी दूरच्या छिद्रातून बाहेर काढली असेल तर तो मार्गही दूषित धरतात. थोडक्यात, मूळ गाठ लिंबाएवढी असली तरी दुसऱ्या वेळी काढायचा भाग तळहाताएवढा होऊ शकतो. अशा वेळी कातडी आणि स्नायू दुसरीकडून आणून खड्डा भरावा लागण्याची शक्यता वाढते.

डॉक्टर मंडळींनी अशा पहिल्या शस्त्रक्रियेला इंग्रजीत 'व्हूप्स' असे टोपणनाव दिले आहे. 'अरेच्चा!' म्हणा ना. ऐकायला गमतीदार आहे, पण ज्याची मांडी असते त्याला हसू येत नाही.

दुसरी शस्त्रक्रिया कशासाठी

माझा पहिला प्रश्न तोच होता. गाठ तर काढली, एम.आर.आय.मध्ये काही दिसत नाही, मग पुन्हा का कापायचे?

याचे उत्तर चाळीस वर्षांपासून जमा झालेले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील डॉक्टरांनी १९८५ साली अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या ऑपरेशनमध्ये 'सगळे काढले' असे सांगितलेल्या या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केली तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या जखमेत रोग शिल्लक सापडला. टोरांटोच्या गटाने १९९६ साली ६५ रुग्णांची माहिती दिली. त्यांत २३ जणांमध्ये, म्हणजे सुमारे ३५ टक्क्यांमध्ये, रोग उरलेला होता. पुढच्या अनेक अभ्यासांत हे प्रमाण कमी-जास्त आले, पण कमीत कमी चौथा हिस्सा आणि काही ठिकाणी निम्म्याहून जास्त असेच ते राहिले. कोणात रोग उरला आहे हे हाताने तपासून किंवा स्कॅनवरून खात्रीने सांगता येत नाही. ताज्या जखमेची सूज आणि उरलेला रोग एम.आर.आय.वर सारखेच दिसू शकतात. नुसते लक्ष ठेवून थांबले आणि रोग तेथेच परत आला, तर तो अधिक मोठ्या भागात येतो आणि मग पाय वाचवणे अवघड होते.

आमच्या व्यवसायातले उदाहरण द्यायचे तर प्रोग्रॅममध्ये चूक आहे म्हणून एखाद्याने एक ओळ पुसली आणि प्रोग्रॅम चालू लागला. चूक गेली की नुसती दिसेनाशी झाली, हे मूळ रचना तपासल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्यांदा काय वेगळे झाले

सार्कोमा केंद्रात पहिल्या भेटीत कोणीही सुरी काढली नाही. आधी तीन कामे झाली.

पहिले काम स्लाइड पुन्हा वाचण्याचे. हे किती महत्त्वाचे आहे यासाठी एक आकडा देतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपमधील तीन प्रदेशांतील सार्कोमा रुग्णांचे नमुने तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टांनी पुन्हा तपासले, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक नमुन्यांत पहिल्या निदानात काही ना काही बदल करावा लागला. कधी प्रकार बदलला, कधी रोगाची तीव्रता. माझ्या बाबतीत जनुकीय तपासणी करून मायक्सॉइड लायपोसार्कोमा असे नेमके नाव मिळाले. या नावाने उपचार ठरवायला मदत झाली, कारण हा प्रकार किरणोपचाराला चांगला प्रतिसाद देतो. शिवाय तो फुप्फुसांखेरीज पाठीचा कणा आणि पोट अशा ठिकाणीही जाऊ शकतो, म्हणून ती ठिकाणेही तपासावी लागतात.

दुसरे काम स्कॅनचे : मांडीचा एम.आर.आय., छातीचा सी.टी. स्कॅन आणि वर सांगितलेल्या कारणाने कण्याचा एम.आर.आय. सार्कोमा पसरला तर बहुधा आधी फुप्फुसांत जातो, म्हणून छातीचा स्कॅन सर्वांचाच करतात.

तिसरे काम बैठकीचे. शल्यचिकित्सक, किरणोपचाराचे डॉक्टर, केमोथेरपीचे डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून प्रत्येक रुग्णाची योजना ठरवतात. फ्रान्समध्ये २०१० ते २०१४ या काळातील बारा हजारांहून अधिक सार्कोमा रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची चर्चा अशा बैठकीत पहिल्या उपचाराच्या आधी झाली, त्यांना पुन्हा शस्त्रक्रिया कमी लागल्या आणि रोग त्याच जागी परत येण्याचे प्रमाणही कमी राहिले. बैठक तीच, डॉक्टर तेच, फक्त आधी आणि नंतर एवढाच फरक.

माझ्यासाठी आधी किरणोपचार आणि मग शस्त्रक्रिया असे ठरले. सर्वांना हाच क्रम लागू होतो असे नाही. लहान, वरवरच्या, कमी तीव्रतेच्या गाठीत नुसती शस्त्रक्रियाही पुरते. किरण आधी द्यावेत की नंतर, यावर कॅनडात १९० रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आधी किरण दिले तर जखम भरण्यात अडचण ३५ टक्के रुग्णांना आली, नंतर दिले तर १७ टक्क्यांना. मात्र नंतर द्यायचे तर मात्रा आणि क्षेत्र मोठे लागते आणि पाय कायमचा कडक होण्याचा धोका वाढतो. जखम एक ना एक दिवस भरते, आखडलेला पाय मात्र तसाच राहतो, या विचाराने मी पहिला मार्ग स्वीकारला.

डिसेंबरच्या सुरुवातीपासून संक्रांतीच्या आधीपर्यंत पंचवीस दिवस किरणोपचार, मग पाच आठवडे विश्रांती, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया. ती साडेतीन तास चालली. जुना व्रण, त्याखालची कातडी आणि स्नायूचा भाग एकसंध निघाला. रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी, मिलिमीटरमध्ये मोजण्याइतका, रोग शिल्लक सापडला. एम.आर.आय.वर तो दिसला नव्हता. सर्व कडा मात्र स्वच्छ होत्या. त्या दिवशी मला दादाचा प्रश्न आठवला : कडांबद्दल काय लिहिलंय?

जखम भरायला दोन महिने लागले. बायको रोज ड्रेसिंग करी आणि आई, जिला आम्ही दिवाळीनंतर सांगितले होते, फोनवर विचारी, "अरे, खरं सांग, चालतोस का?" आता चालतो. जिने उतरताना पाय थोडा जपून टाकतो, एवढेच.

पुढे काय होते

आपल्याला खरे हेच जाणून घ्यायचे असते. म्हणून जे ठाम आहे ते आणि जे सावधपणे वाचायला हवे ते, दोन्ही सांगतो.

पाय कापावा लागेल का? पूर्वी हातापायाच्या सार्कोमाला तोच उपाय समजत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने ४३ रुग्णांवर प्रयोग केला आणि १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ जणांचा अवयव कापला, २७ जणांचा अवयव राखून शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दिले, केमोथेरपी दोन्ही गटांना. अवयव राखलेल्या गटात चौघांना त्याच जागी रोग परत आला, पण जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आज सार्कोमा केंद्रांत दहांपैकी नऊंहून अधिक रुग्णांचे हातपाय वाचतात.

पहिली शस्त्रक्रिया चुकीची झाली म्हणून सर्व संपले का? नाही. योग्य केंद्रात, योग्य योजनेने दुसरी शस्त्रक्रिया झालेल्या अनेक रुग्णांचे निकाल पहिल्यापासून नीट उपचार झालेल्यांच्या जवळपास आलेले आहेत. परंतु दुसऱ्या वेळी रोग शिल्लक सापडला तर तो परत येण्याचा धोका, न सापडलेल्यांपेक्षा जास्त असतो. मी त्या दुसऱ्या गटात नाही, हे मला माहीत आहे.

येथे आकडेवारीचा एक सापळा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोनदा शस्त्रक्रिया झालेल्यांचे निकाल एकदाच झालेल्यांपेक्षा चांगले आले. हे वाचून मला आधी हायसे वाटले, मग शंका आली. आधी चुकून कापल्या जाणाऱ्या गाठी बहुधा लहान आणि वरवरच्या असतात. मोठी, खोल गाठ पाहून कोणीही सर्जन थबकतो. शिवाय दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत जे पोहोचतात त्यांचा रोग मधल्या काळात पसरलेला नसतो. म्हणजे दोन्ही रांगांत उभी असलेली माणसे मुळातच वेगळी. त्यामुळे 'चुकीच्या ऑपरेशनने फायदा होतो' असा अर्थ कोणी काढू नये. आकार, खोली आणि तीव्रता यांवर निकाल सर्वांत जास्त अवलंबून असतो. या तिन्ही गोष्टी आपल्या रिपोर्टमध्ये शोधा आणि डॉक्टरांना त्यावरूनच प्रश्न विचारा.

उपचार संपले तरी तपासण्या चालू राहतात. पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरी कोणी मोठ्याने बोलत नाही. पण रिपोर्ट चांगला आला की त्या संध्याकाळी बाहेर जेवायला जायचे, हा नियमही आम्ही केला आहे.

आपल्याला गाठ सापडली तर

१. पुढील चारपैकी एक जरी लक्षण असले तर आधी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. मागा : गाठ गोल्फच्या चेंडूपेक्षा मोठी आहे, वाढते आहे, स्नायूच्या आत खोल आहे, किंवा एकदा काढून पुन्हा आली आहे. वाढणारी गाठ दुखू लागली तर अजिबात थांबू नका.

२. स्कॅनवर शंका आली तर सुईने नमुना घ्यावा, आणि तोही शक्यतो पुढे ऑपरेशन करणाऱ्या केंद्रातच. सुईची वाटसुद्धा पुढच्या छेदात यावी लागते.

३. "ही चरबीचीच गाठ आहे हे आपण कशावरून म्हणता?" हा प्रश्न नम्रपणे विचारा. डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. आपली पिढी येथे कमी पडते.

४. शरीरातून काढलेली कोणतीही गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, आणि तिचा रिपोर्ट आपल्या हातात आला पाहिजे.

५. चुकून आधी ऑपरेशन झालेच तर रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, स्कॅनची सी.डी., स्लाइड आणि ब्लॉक गोळा करा. अमेरिकेतील नियमांनुसार प्रयोगशाळेला स्लाइड किमान दहा वर्षे आणि ब्लॉक किमान दोन वर्षे ठेवावे लागतात. काही आठवडे योजनेसाठी गेले तरी चालतात, महिने जाऊ देऊ नका.

पैसा, विमा आणि नोकरी

माझी पहिली शस्त्रक्रिया २०२१ मध्ये आणि दुसरी २०२२ मध्ये. त्यामुळे डिडक्टिबल आणि वर्षाची कमाल मर्यादा दोन्ही वर्षे स्वतंत्र भरावी लागली. उपचार यासाठी लांबवू नयेत, पण नोव्हेंबरमध्ये पुढच्या वर्षीचा प्लॅन निवडताना हा हिशेब जरूर करावा. मी स्वस्त हप्त्याचा प्लॅन बदलला आणि ते फायद्याचे ठरले.

सार्कोमा केंद्र आपल्या नेटवर्कमध्ये नसेल तर लगेच निराश होऊ नका. नेटवर्कमध्ये या आजाराचा तज्ज्ञ नसल्याचे डॉक्टरांच्या पत्रासह कळवून, बाहेरच्या केंद्राला नेटवर्कचे दर लावावेत अशी लेखी विनंती करता येते. मला पहिल्यांदा नकार आला, दुसऱ्यांदा होकार. बहुतेक प्लॅनमध्ये नकारावर १८० दिवसांत अपील करता येते. तेही फेटाळले तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र परीक्षणाची मागणी करता येते. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत लिहा. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे नेटवर्कमधील रुग्णालयात आपण न निवडलेल्या भूलतज्ज्ञाचे किंवा पॅथॉलॉजिस्टचे अवाच्या सवा बिल येण्याला आळा बसला आहे. असे बिल आले तर भरण्याआधी विचारणा करा.

नोकरीबाबत १९९३ चा कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेचा कायदा लक्षात ठेवा. कंपनीत पन्नास किंवा अधिक कर्मचारी, आपली नोकरी वर्षभराची आणि मागील वर्षात १२५० तास काम, अशा अटी पुऱ्या झाल्या तर बारा आठवडे बिनपगारी रजा मिळते, नोकरी आणि विमा टिकतो. ती रजा थोडी थोडीही घेता येते. मी किरणोपचाराच्या वेळी रोजचे दोन-तीन तास घेतले. पती-पत्नी किंवा आई-वडिलांच्या आजारपणासाठीही ती मिळते. एच-१बी व्हिसावरच्या मंडळींना हे फार महत्त्वाचे आहे, कारण नोकरीच गेली तर साधारणपणे साठ दिवसांचाच अवधी मिळतो.

शेवटचे, माझ्या चुकीचे. टर्म इन्शुरन्सचा फॉर्म माझ्या टेबलावर दोन वर्षे पडून होता. "पुढच्या वर्षी बघू" असे म्हणत राहिलो. निदानानंतर तोच विमा मागितला तर कंपनीने काही वर्षांनी या असे कळवले. अपंगत्वाचा विमा आणि आयुर्विमा हे दोन्ही तब्येत ठणठणीत असतानाच घ्यायचे असतात.

भारतातल्या नातेवाइकांसाठी

आपले आई-वडील, काका, मावशी तिकडे असतात आणि गाठ त्यांनाही होते. तेथेही हाच क्रम सांगा : आधी स्कॅन, मग सुई, मग सुरी. बाहेर ऑपरेशन झालेच असेल तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी स्लाइड आणि ब्लॉक घेऊन जावे. आई-वडील येथे पाहुणे म्हणून येणार असतील तर निघण्याआधी अशी गाठ तिकडेच दाखवून घ्यावी. पाहुण्यांच्या विम्यात आधीपासून असलेला आजार सहसा धरत नाहीत.

मंडळी, हा लेख वाचून रात्री आरशासमोर उभे राहून अंग चाचपू नका. बहुतेक गाठी साध्याच असतात. दंडाची गाठ दाखवणाऱ्या त्या गृहस्थांनी पुढच्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घेतली. चरबीचीच निघाली. त्यांनी फोन करून सांगितले, "उगीच खर्च झाला बघ." मी म्हटले, "काका, हा खर्च उगीच झाला हेच चांगले."